नऊ झुपक्यांचं निशाण

ते प्रकरण आठवलं की आजही मला एका जागी बसवत नाही. उठतो, गॅलरीत जातो, परत येतो. बायको म्हणते, "निवृत्त झालात, आता तरी स्वस्थ बसा."

मारुंजीजवळच्या एका खासगी संग्रहालयात मंगोल लोकांच्या इतिहासाचं प्रदर्शन भरलं होतं. लोकरीच्या जाड कापडाचा गोल तंबू, धनुष्यं, चांदी मढवलेलं खोगीर आणि दाराशी एक उंच निशाण. त्याच्या कड्याला पांढऱ्या घोड्यांच्या शेपटीच्या केसांचे नऊ झुपके बांधलेले. एका सकाळी झुपके आठच भरले.

प्रदर्शनाबरोबर आलेल्या मंगोल बाई दुभाष्याला घेऊन आमच्या पोलीस ठाण्यात आल्या. निशाण त्यांच्या घराण्याचं होतं, आणि घराची राखण करणारं दैवत त्या केसांत राहतं असं ते लोक मानतात.

आम्ही पंचनामा केला. कुलपं शाबूत होती. कॅमेरे सगळे चांदीच्या खोगिरावर रोखलेले. केसांवर कोण कशाला पहारा ठेवेल? किल्ल्या दोघांकडेच होत्या, रखवालदाराकडे आणि विश्वस्तांकडे. विश्वस्त म्हणजे गावातले बडे जमीनदार पाटील, संग्रहालयाची जागा त्यांचीच. संग्रहालयाचा तक्रार अर्ज त्यांनीच दिला आणि संशयितही त्यांनीच सांगितला. "सायेब, त्या गार्डाला उचला. भायेरचा हाय त्यो. माजी लई दिसांपास्नं नजर हाय त्याच्यावर."

गार्ड नांदेडकडचा. शेजारच्या जांबे गावात एका भाड्याच्या खोलीत बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन राहायचा. हवालदाराने त्याला दिवसाढवळ्या, सगळ्या गल्लीदेखत जीपमध्ये घालून आणलं.

मी एकच प्रश्न उलटसुलट करून विचारला. "सायब, म्या काय करू घोड्याचे केसं? चोरायचंच असतं तर चांदी नसती का उचलली?" चोर उत्तर पाठ करून येतो आणि दर वेळी तेच शब्द बोलतो. हा दर वेळी वेगळ्या शब्दांत तेच सांगत होता. तेवढ्यात बायकोचा फोन आला. घरमालकिणीने संध्याकाळच्या आत खोली रिकामी करायला सांगितली होती. फोन ठेवून तो भिंतीकडे तोंड करून बसला. वरून सारखी विचारणा, समोर हा असा.

विश्वस्त तर ठाण्यात ठाण मांडूनच बसले होते. "कबूल झाला का?" एवढंच विचारायचे. मे महिना, माझा शर्ट पाठीला चिकटलेला, आणि यांच्या गळ्याला उपरणं घट्ट गुंडाळलेलं. हात सारखा मानेशी जात होता.

"पाटील, उकडत नाही का? काढा ते."

"ऱ्हाऊ द्या, सर्दी हाय."

"काढा म्हणतो ना."

कानाखाली टपोरी चामखीळ होती आणि तिच्या मुळाशी आवळून बांधलेला एक लांब पांढरा केस. चामखिळीला घोड्याचा केस बांधला की ती गळून पडते, हे माझी आईही सांगायची. पण आमच्या हद्दीत आता सोसायट्या आणि टेम्पो; घोडा राहिलाय कुठे?

"कुठल्या घोड्याचा?" मी विचारलं.

पाटील खाली बघत बोलले. "येकच केस वडाया गेलो, तर आक्का झुपकाच हातात आला. दोरी कुजल्याली. मंग भ्या वाटलं. चामखिळीपायी चोरी केली म्हनून गाव हसंल."

"आणि त्या पोराचं काय?"

"त्याला काय, दुसरीकडं नोकरी गावंल."

माझ्या मुठी वळल्या होत्या, हे मी आज मोकळेपणाने सांगतो.

झुपका त्यांच्या गाडीच्या डिकीत मिळाला. बाईंनी मानेवरचा केसही परत मागितला. हवालदाराने नखांनी गाठ सोडवली. एरवी ठाणं खो खो हसलं असतं, पण कोणी हसलं नाही. गुन्हा अजून दाखल व्हायचा होता. संग्रहालयाने तक्रार अर्ज मागे घेतला आणि प्रकरण मिटलं.

कागदावर मिटलं. माणसाला उचलताना जीप असते, वर्दी असते, बघायला सारी आळी असते. सोडताना आपण नुसतं "जा" म्हणतो. हे मला त्या दिवशी कळलं, आणि पुढे नोकरीत असेपर्यंत निर्दोष माणसाला मी जीपनेच घरी पोचवत राहिलो. त्याची सुरुवात याच गार्डाने करून दिली. "सायब, तुमीच येऊन सांगा न मालकिनीला," तो म्हणाला.

गेलो. खोलीबाहेर गाठोडी बांधून ठेवलेली, बायको मुलीला घेऊन पायरीवर बसलेली. मी वर्दीत उभा राहून घरमालकिणीला सांगितलं, "याने काही केलेलं नाही. खरा माणूस सापडला."

"सुटला व्हय? बरं झालं," ती म्हणाली. "पर पोलीस उगं न्हेत न्हाईत कुनाला."

गार्ड माझ्याकडे वळला. "सायब, अजून एकडाव सांगा की."

मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. तिने मान डोलावली आणि आत जाऊन आपल्या दाराला कडी घातली.