तंबाखूच्या बदल्यात बाटली

त्या निळ्या बाटलीवरचा माझा राग अजून गेलेला नाही. लोक म्हणतात, सिनेमाच तो, सोडून द्या. मी भाव सोडतो, राग सोडत नाही.

खामगावात माझं जुन्या भांड्यांचं दुकान आहे. सुरुवात डोक्यावरच्या टोपल्यातून झाली. जानेफळ, साखरखेर्डा, जिथे बाजार तिथे मी. नवं स्टील द्यायचं, तांब्या-पितळेची मोड घ्यायची. अशाच एका फेरीत एसटीच्या पायरीवरून टोपल्यासकट पडलो आणि नडगीचं हाड मोडलं. ते साखरखेर्ड्याच्या चाचांनी बसवलं. हाडं बसवण्याचं काम त्यांच्या घरात पिढीजात. बांबूच्या कांब्या, जुनं धोतर, अंड्यातलं पांढरं, उडदाचं पीठ, आणि वर हुकूम: एकवीस दिवस हलायचं नाही. मी अठराव्या दिवशी उठलो, तर त्यांनी माझ्याच काठीचा धाक दाखवून मला परत झोपवलं. त्याच पायावर मी पुढे सगळा धंदा केला.

चाचांना सिनेमाचा नाद होता आणि सिनेमाचाच राग. म्हणायचे, "राजाचा वैद्य म्हटला का तो एक तर जहर पाजते, नाई तर मंतर म्हणते. हातानं काम करणारा एकबी दाखवत नाईत. काऊन बे? तवा लोकायचे हाडं मोडत नव्हते का?"

एक दिवस सिनेमावालेच दुकानात आले. गोष्ट पाचशे वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडातली. लढाईत जखमी झालेला शिपाई, छावणीतला वैद्य. शूटिंग साखरखेर्ड्याजवळच्या माळावर. त्यांना जुनी भांडी हवी होती. सोबत पुण्याची एक मुलगी होती, सेटवरच्या वस्तू जमवणं तिचं काम. माझ्या काळ्या पडलेल्या घंगाळाकडे पाहून ती म्हणाली, "काका, हे जरा चकचकीत करून मिळेल?"

"बाई, छावणीत घासायले कोण बसलं व्हतं?"

मग तिने दृश्याचं चित्र दाखवलं. वैद्याच्या हातात निळी काचेची बाटली, वर बूच. तो दोन थेंब टाकतो आणि शिपाई डोळे उघडतो.

"अशी बाटली तवा व्हती?"

"प्रेक्षकांना ते औषध आहे हे कळायला हवं ना, काका."

"मंग चिठ्ठीबी चिकटवा. दिवसातून दोनदा, जेवल्यावर."

ती हसली नाही. पण तिच्यासोबतच्या दिग्दर्शकाची नजर माझ्या दगडी खलावर खिळली होती. दोन माणसांशिवाय हलत नाही असा खल, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या. गिऱ्हाइकाचे डोळे वाचता येतात म्हणून तर मी टोपल्यातून दुकानात आलो. मी अट घातली. खल मिळेल, पण बाटली जाईल, आणि पट्टी बांधायचं दृश्य चाचा करतील. चेहरा तुमच्या नटाचा, हात चाचांचे.

दिग्दर्शक कुरकुरला. मी दोघा नोकरांना हाक मारून खल आत घ्यायला सांगितला. दिग्दर्शक कबूल झाला. वर मी त्याच्याकडून कागदावर एक ओळ लिहून घेतली: जे त्या काळात नव्हतं ते सेटवर येणार नाही. त्या ओळीचा मला फार अभिमान होता.

चाचांकडे जाऊन सांगितलं, "चाचा, तुमचे हात पडद्यावर दिसतीन. माया शब्द हाय."

चाचांनी नखं कापली. दिसणार फक्त हात, तरी दाढीही करून घेतली.

शूटिंगच्या सकाळी शिपाई झालेला नट खाटेवर पडला होता. चाचांनी त्याचा हात हातात घेतला. "कोठी मोडला?"

"मोडला नाही, चाचा. तसं दाखवायचंय."

चाचांनी मनगटावर अंगठा फिरवला. "कसा नाई मोडला? हा लहानपणी मोडेल हाये. कोण्या गाढवानं बसवला?"

नट उठूनच बसला. पाचवीत असताना सायकलवरून पडला होता म्हणे. सेटवर टाळ्या पडल्या. त्या मुलीकडे मी अशा नजरेने पाहिलं की जणू ते मनगट मीच ओळखलं.

कांब्या बांधून झाल्या. दंडावर एक रंगवलेली जखम होती. चाचांनी कुडत्याच्या खिशातून पुडी काढली, चिमूटभर तंबाखू तोंडात टाकून चघळली आणि जखमेवर दाबून बसवली. आमच्याकडे सगळेच असं करतात. मी जोरात "वा!" म्हणालो.

मुलीने शूटिंग थांबवलं. हातात माझाच कागद घेऊन आली. "काका, तंबाखू तेव्हा आपल्याकडे नव्हती. समुद्रापलीकडून आली, नंतर."

"कोण म्हणते?"

तिने मोबाइलवर दाखवलं. मी दोनदा वाचलं. दोन्ही वेळा तेच लिहिलेलं होतं.

चाचा म्हणाले, "माया आज्याचा आजाबी हेच लावे."

"तिथपर्यंत बरोबर आहे, चाचा. गोष्ट त्यांच्याही आधीची आहे."

चाचा उठले. उरलेल्या कांब्या गोळा करायला लागले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आधा इलाज मी करत नाई. घरी नेऊन सोड मले."

मी मुलीला बाजूला घेतलं. आवाज चढवला, उतरवला, खल परत नेण्याची धमकी दिली. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "तंबाखू राहू द्या," ती म्हणाली. "पण मग बाटलीही राहील."

मी तिचे डोळे वाचले. तिथे घासाघीस करायला जागाच नव्हती. दुकानात तासभर बसून ती माझ्याकडूनच शिकून गेली होती. चाचांना शब्द दिलेला. मी कागद फाडला.

सिनेमा खामगावला लागला तेव्हा चाचांना तीनच्या खेळाला घेऊन गेलो. हात आले. पडदाभर, शिरा न् शिरा दिसत होती. कांब्या, गाठी, तंबाखूची चिमूट. चाचा एकदा पडद्याकडे बघत, एकदा मांडीवरच्या स्वतःच्या हातांकडे. आणि त्या हातांच्या पुढ्यात, अगदी मधोमध, ती निळी बाटली नवरीसारखी नटून बसलेली. मी दात खाल्ले.

लगेच दुसरं दृश्य. सकाळ झाली, आणि तोच शिपाई घोड्यावर. पट्टी गायब. त्याच हातात तलवार.

चाचा उभे राहिले. "अबे उतर खाली! इक्कीस दिन!"

सगळं थेटर हसलं. कोणीतरी शिट्टी मारली. जन्मभर प्रत्येक तांब्यासाठी भांडलेला मी, चाचांना खाली बसवत होतो. "चाचा, सिनेमा हाये तो."

"हाव, पण हात माये हायेत ना बे!"

बाहेर येऊन चाचा पायरीवर बसले. चहा मागवला, तो तसाच राहिला. "कोणाले सांगितलं का तुनं?"

"आता सांगणार व्हतो. साऱ्या गावाले."

"नको सांगू. लोक म्हणतीन, चाचानं एका रातीत पट्टी सोडली. साऱ्या जिंदगीत एकाची सोडली नाई मी."

मी पुन्हा शब्द दिला. म्हणून इथे त्यांचं नाव नाही. बाटलीबद्दल मात्र मी कोणाला शब्द दिलेला नाही.