डावा कोपरा, मुक्काम खैतान

पोरांनो, मी गाव सोडलं तेव्हा तुमच्यातले बरेचसे शेंबडे होते, म्हणून सांगतो. मंडळाच्या मैदानासमोर जीप उभी होती. माझी बॅग उचलायला सगळा संघ धावला, कारण उजव्या गुडघ्याला पट्टा होता आणि मला धड उभंही राहता येत नव्हतं. आईने सुक्या जवळ्याची पिशवी कपड्यांत कोंबली. वर तीन-तीन प्लास्टिकं बांधली, तरी विमानतळावर माझ्या शेजारी कोणी बसेना. बाबा जीपच्या दाराशी आले आणि एवढंच म्हणाले, "बाला, तिकरं कोन तुला वलखनार नाय. बरंच हाय." तेव्हा मला राग आला होता. ते किती खरं होतं, हे इथे कुवेतला आल्यावर कळलं.

गेल्या आठवड्यात तुमचा निरोप ऐकला. यंदाची स्पर्धा आपल्याच मैदानावर आहे, दादा, येणार ना? उत्तर द्यायला आठ दिवस लावले म्हणून तुम्ही मनात शिव्या घातल्या असतील. घाला. पण आधी पूर्ण ऐकून घ्या.

माझी कारकीर्द तुम्हाला तोंडपाठ आहे, पण ती अर्धीच. कबड्डीतला डावा कोपरा, घोट्याची पकड, मुंबईतल्या कंपनीच्या संघात नोकरी, मग लीग. मॅटवर दिवे, टीव्हीवर नाव, आणि आपल्या गावात चौकात लावलेला माझा फोटो, ज्यात माझे डोळे मिटलेले होते. उरलेली अर्धी अशी, की एका चढाईपटूचा पाय धरला आणि वरून आमचेच तिघं पडले. गुडघ्यातून आवाज आला तो मला एकट्यालाच ऐकू आला. पुढच्या हंगामात माझं नाव कोणी पुकारलं नाही. कंपनीनेही करार वाढवला नाही. कोणी वाईट बोललं नाही हो, उलट शाल दिली. शाल दिली की समजायचं, संपलं.

मुरुडचा लतीफभाई, आपल्या संघाचा जुना चढाईपटू, इथे आधीच आला होता. त्यानेच व्हिसा काढला. कुवेत सिटीतल्या एका कंपनीत गाड्यांच्या फेऱ्या लावायचं काम मिळालं. सकाळी खैतानहून निघायचं, ट्रॅफिकमध्ये अडकायचं, दिवसभर ड्रायव्हर लोकांशी हिंदीत भांडायचं आणि दर वर्षी इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढला की सुटकेचा श्वास टाकायचा. ऑफिसात कोणी विचारलं की मी सांगायचो, जिन्यावरून पडलो. कबड्डी सांगितली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, मग सोडली का? त्यापेक्षा जिना बरा.

पुढे वैशाली, तुमची वहिनी, सायलीला घेऊन आली. सायली तेव्हा दुधाच्या दातांची. बाहेर उन्हाळ्यात पाऊल टाकायची सोय नाही, मग मी हॉलमध्ये गादी टाकायचो आणि तिला चढाई करायला लावायचो. हात लागला की हात वर करून आपणहून बाहेर जायचं, कोणी बघितलं नसलं तरी, हे मी तिला सगळ्यात आधी शिकवलं. आपल्या मैदानावर हीच रीत, तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण ती जरा मोठी झाली तशी मी गादी उचलली. मनाशी पक्कं केलं होतं, माझ्या पोरीने खेळाच्या नादी लागायचं नाही. अभ्यास कर, डॉक्टर हो, दुसऱ्यांचे गुडघे बघ.

आणि मागच्या महिन्यात शाळेतून फोन. तुमच्या मुलीबद्दल बोलायचंय, पीटीच्या कोचना भेटा. घरी विचारलं तर कळलं, बाईसाहेब अमेरिकन फुटबॉलमध्ये नाव घालून आल्या होत्या आणि परवानगीच्या कागदावर सही आईची होती. मी जो काही भडकलो! वैशाली पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "तुमचा गुडघा गेला म्हणून तिचे पाय बांधून ठेवायचे का?" मी म्हटलं, उद्याच नाव काढतो. सायली आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. पोरगी रडत नाही, हीच तिची पंचाईत. रडली असती तर मी विरघळलो असतो.

कोच म्हणजे अमेरिकेचा धिप्पाड काळा माणूस, दाराएवढा. मैदानावर पोरांच्या छातीला नावांच्या पट्ट्या चिकटवलेल्या. त्याने मला बाकावर बसवलं आणि विचारलं, ही मुलगी कुठला खेळ खेळते? झालं होतं असं, की या शाळेतल्या खेळात धरपकड नसते, कमरेला फडकं लावलेलं असतं, ते ओढलं की तेवढ्यापुरता खेळ थांबतो आणि सगळे पुन्हा उभे राहतात. सायलीचा पहिला दिवस. तिचं फडकं ओढलं, तशी तिने हात वर केला, मैदानाबाहेर गेली आणि रेघेबाहेर बसून राहिली. कोचला वाटलं लागलं, मग वाटलं रुसली. ती म्हणाली, "आय ॲम आउट. माय टीम हॅज टू ब्रिंग मी बॅक."

मला हसू आलं. गादी उचलून इतकी वर्षं झाली होती, पण पोरगी विसरली नव्हती.

मग मी त्याला माझ्या मोडक्या इंग्रजीत कबड्डी सांगितली. आपण बाद झालो की बाहेर बसायचं, आपल्या गड्याने समोरचा मारला की आपल्यातला एक जिवंत होतो, पुन्हा आत येतो. तो ऐकतच राहिला. म्हणाला, "आमच्यात असं नव्हतं. आमच्यात कोणी परत आत घेत नाही." आणि त्याने पॅंट वर केली. दोन्ही गुडघ्यांवर टाक्यांच्या रेघा.

तो तिकडे व्यावसायिक खेळाडू होता. लहान गावातला, जिथे सामन्याच्या दिवशी दुकानं बंद होतात. कॉलेज, मग मोठा संघ, काही हंगाम. त्याचं काम पुढे उभं राहून धडका घ्यायचं. एका सकाळी सांगितलं, कपाट रिकामं कर. मग ट्रक चालवला, व्यायामाची यंत्रं विकली, संसार मोडला. कोणा मित्राने इकडे बोलावलं. आता दस्मानला समुद्राजवळ एकटा राहतो. शाळेत पहिलं वर्षभर त्याने कोणाला सांगितलंच नाही की तो खेळायचा. मी म्हटलं, मी तर जिन्यावरून पडलो म्हणून सांगतो. तो इतका मोठ्याने हसला की पोरं थांबून बघू लागली.

मग त्याने पोरांच्या छातीवरच्या पट्ट्यांकडे बोट केलं. म्हणाला, "त्यांच्यासाठी नाहीत त्या. माझ्यासाठी आहेत. डोक्याला इतके मार बसलेत की नावं राहत नाहीत." आणि वर म्हणाला, "म्हणून मी हा धरपकडीशिवायचा खेळ शिकवतो. खेळ वाईट नव्हता. आम्हाला वापरलं, ते वाईट."

मी तिथे नाव काढायला गेलो होतो. समोर सायली पळत होती. माझ्यासारखीच किंचित डावीकडे झुकून, डोळे समोरच्याच्या पायांवर. तो झोक मी तिला शिकवला नव्हता. खरं सांगतो, इतकी वर्षं मी खेळाचा राग राग केला, पण त्या क्षणी मला नुसतं आत जावंसं वाटलं. मी उठलो, कोचचा हात हातात घेतला आणि म्हटलं, तिला ठेवा.

गाडीत तिने विचारलं, "बाबा, डिड यू टेक मी आउट?" मी म्हटलं, नाही. ती खिडकीबाहेर बघू लागली. मग पोरगी रडली. मी एसी वाढवला आणि रस्त्याकडे बघत राहिलो, माझंही काही ठीक नव्हतं.

आता आठवड्यातून दोन दिवस मी त्या मैदानाच्या कडेला उभा असतो. पाय टाकायचे कसे, वजन कुठे घ्यायचं, गुडघा आत वळू द्यायचा नाही, हे पोरींना दाखवतो. आम्हाला हे कोणी दाखवलं नव्हतं. कोच मधूनच इथल्या अरबीत 'चला' म्हणून ओरडतो, "यल्ला, कबड्डी!" आणि पोरी खिदळतात. ऑफिसातही आता सगळ्यांना ठाऊक आहे मी कोण होतो. काही बिघडलं नाही.

तर मुद्द्याचं. सायलीची अंतिम फेरी आणि आपली स्पर्धा एकाच दिवशी आहे. तिने काल जेवताना ताटातून मान वर न काढता विचारलं, "यू विल कम, नो?" मी रजा टाकली होती, ती परत घेतली. गावी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "पोरीचं बग आदी." तुम्हाला सांगायचं धाडस होत नव्हतं.

मला वाटायचं, घर म्हणजे तीच एक माती, जिथे आपलं नाव चालतं, आणि इथे नुसता दाणापाण्यापुरता मुक्काम. तुम्ही बोलावलंत तेव्हा आतून हललो, हे खोटं नाही. पण तिथे माझ्याशिवाय संघ उतरेल. इथे ती उतरताना रेघेबाहेर तिच्या भाषेत ओरडणारा माणूस मी एकटाच आहे. तो माणूस जिथे लागतो, तिथे मी आता घर म्हणतो.

जिंकलात तर फोन करा, हरलात तरी करा. पण तिची मॅच संपल्यावर करा. तोवर मी उचलणार नाही.