रॉकेलवर पास झालेला पंप

रघुनाथ गेल्याची बातमी मला कांद्याच्या ट्रकच्या एका ड्रायव्हरने दिली. चाकणला नाशिक रस्त्यावर आमची दुकानं समोरासमोर. त्याचं डिझेल पंप दुरुस्तीचं, माझं जुन्या इंजिनांच्या सुट्या भागांचं. ड्रायव्हर त्याचं बंद शटर वाजवून माझ्याकडे आला. म्हणाला, "शेठ, पंपवाले गेले म्हणतात. तुमचे दोस्त ना?" मी म्हटलं, "समोर दुकान आहे त्यांचं, एवढंच." त्या दिवशी मी दिसेल त्या गिऱ्हाइकाशी भांडलो.

दोस्त होतो, हे खरं आहे. पिंपरीकडे कंपन्या नुकत्या उभ्या राहत होत्या, तेव्हा मी कारखान्यांच्या लिलावातला माल सायकलवर बांधून विकायचो आणि तो एका पंपवाल्याकडे हाताखाली होता. पुढे दोघंही चाकणला आलो. ट्रकचा पंप उतरवला की रघुनाथ तो टेबलावरच्या यंत्राला जोडायचा, आणि पंपातून निघणारं तेल काचेच्या नळ्यांत कसं चढतं ते डोळा लावून बघायचा. नळ्या भरेपर्यंत त्याच्या दुकानात कोणी बोलायचं नाही. मी मुद्दाम बोलायचो. "सोपान, तुझं तोंड चालू असलं की पंपसुद्धा माप कमी देतो," असं तो मान न वळवता म्हणायचा, आणि बाकावरचे ड्रायव्हर हसायचे. मी जन्मभर घासाघीस करून उभा राहिलेला माणूस. माझी अशी फिरकी घेण्याची मुभा त्याला एकट्यालाच होती.

आमचं बिघडलं ते टर्बोवरून. बंदरावरच्या लिलावात मला एक परदेशी टर्बो मिळाला. इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा आणि इंजिनात जादा हवा कोंबणारा तो पंखा, तेव्हा इकडे फारसा कोणी पाहिलेलाही नव्हता. अण्णा कंत्राटदारांना आपली पेट्रोल गाडी माणसं भरून खेडचा घाट टॉप गिअरमध्ये चढायला हवी होती. टर्बो माझा, बसवायचा रघुनाथने, असं ठरलं. तो म्हणाला, "हवा कोणीही कोंबेल. पण तीच हवा कार्बोरेटरमध्ये पेट्रोलला मागे रेटते. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या मूळ पंपात तिला पुरून उरायचा जोर नाही. पंप बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही." मग त्याने स्वतः पंप बनवला. रबरी पडदा दुहेरी केला, स्प्रिंग कडक घातली, टर्बोची थोडी हवा बारीक नळीने पडद्यामागे आणली, म्हणजे हवेचा दाब वाढेल तसा पंपाचाही जोर वाढेल. टेबलावर लावून दाखवला तेव्हा नळ्या अशा भरल्या की मीसुद्धा गप्प बसलो.

राजगुरुनगरपर्यंत गाडी उडत गेली. अण्णा पुढच्या सीटवर मांडी ठोकत होते. घाटाच्या वरच्या वळणावर इंजिन खोकलं, मग आतून खडखडलं, आणि गाडी थांबली... पिस्टनला भोक. इंजिनाला हवा भरपूर मिळाली होती, पेट्रोल मिळालं नव्हतं. मी पंपाला हात लावला आणि भाजून मागे घेतला. मूळ जागेवरच बसवलेल्या त्या पंपाशेजारून टर्बोचा तापलेला पाइप गेला होता. रघुनाथने नळी सोडवून पंपाचा खटका हाताने हलवला. नुसते बुडबुडे आले. वरून उतरणाऱ्या एका टॅक्सीवाल्याने न विचारताच ओलं फडकं आणून पंपावर गुंडाळलं. "घाटात पेट्रोलची वाफ होते राव, फडकं बांधूनच चढायचं असतं." पंप निवला आणि पेट्रोलची धार सुरू झाली. रघुनाथ त्या धारेकडे बघत मला एकट्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "मी पंप रॉकेलवर तपासला. रॉकेल उकळत नाही रे..." आयुष्यभर डिझेलचे पंप केलेला माणूस. दुकानात आगीच्या भीतीने पेट्रोल आणायचा नाही. त्याच्या टेबलावर सगळे पंप रॉकेलवरच पास व्हायचे.

अण्णा तेव्हा दूर दगडावर बसले होते. दुसऱ्या दिवशी कांदा बाजारात त्यांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "सोपान, त्यो टर्बो न्हाई, भंगार हाय. माझं इंजिन खाल्लं त्यानं." रघुनाथ शेजारी उभा होता. हात पुसत राहिला. मी भंगार विकायचो, पण चालणारं भंगार विकायचो, आणि माझ्याकडे तेवढंच नाव होतं. संध्याकाळी त्याच्या दुकानात जाऊन म्हटलं, "चार माणसांत सांग, पंप होता म्हणून."

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना. ड्रायव्हर लोक इंजिन माझ्या भरवशावर टाकून जातात रे. थोडा दम धर."

"आणि माझ्याकडे काय, देवदर्शनाला येतात?"

त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं, ते तो जाईपर्यंत. लोक माझ्याकडचा पिस्टनसुद्धा उन्हात धरून बघायला लागले.

रघुनाथच्या तेराव्याला गेलो. अण्णा बोलत होते, "रघुनाथच्या पंपानं जन्मात कुनाला दगा दिला न्हाई. आमची गाडी गेली ती त्या टर्बोपायी." सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हणालो, "अण्णा, गाडी पंपाने गेली." कोणीतरी म्हणालं, "सोपानराव, आज तरी नको." तेवढ्यात आतल्या दारातून सुशीलावहिनींचा आवाज आला. "खरं आहे ते. पंपानेच गेली." अण्णांनी मान खाली घातली. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे रोज चपला घालताना म्हणायचे, आज आधी सोपानकडे जातो. त्याच्या दुकानात चार माणसं असताना सांगतो."

माझं नाव साफ झालं. इतकी वर्षं हेच मागत होतो. पण घरी परतताना मला त्याचा राग आला, पूर्वी कधी आला नव्हता इतका. घरात बायकोला रोज सांगितलंस, आणि मधे होता तो एक रस्ता...

रघुनाथ सकाळी शटर उघडण्याआधी रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहायचा. राजगुरुनगरकडे बघायचा, मग भोसरीकडे. ट्रक जायचे, कंपनीच्या बस जायच्या. थोडा वेळ थांबून मागे फिरायचा. मी गल्ल्यावरून बघायचो आणि म्हणायचो, बघतोय, गिऱ्हाईक कुठून येतंय ते.

हल्ली दोन ट्रकांच्या फटीतून तो मला तसाच उभा दिसतो. सकाळच्या गिऱ्हाइकांना मी लवकर सोडत नाही. भाव अडवून धरतो, चहा मागवतो, घासाघीस लांबवतो. दुकानात चार माणसं असलेली बरी.