कांदा, लॉगिन आणि मेश्रामभाऊ

आमच्या कॉम्प्युटर सेक्शनचे दोघे जरी एखाद्या लग्नात भेटले, तरी पंगतीत किस्से सुरू होतात. मठ्ठा येतो, पान येतं, किस्से संपत नाहीत.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नागपुरातल्या आमच्या ऑफिसात नवीन कॉम्प्युटर आला आणि वायरीनं शेजारच्या खोलीतल्या जुन्या मशीनला जोडला. नवीनवर नाव टाइप केलं की जुन्यातली माहिती दिसायला हवी. कधी दिसायची, कधी नाव टाकलं की पडदा तसाच गप्प.

*

मे महिना होता. "मशीनले लू लागली," आमच्या सेक्शनच्या देशकरबाई म्हणाल्या आणि ऊन लागू नये म्हणून पर्समध्ये बाळगलेला कांदा त्यांनी मशीनच्या कपाटात वायरीपाशी ठेवला. त्या दिवशी लॉगिन झालं! पुढे दहा दिवस तो कांदा हलवायची कोणाची हिंमत झाली नाही. इंजिनिअर होतो मी, पण मीही हलवला नाही.

*

मग मुंबईहून तज्ज्ञ आले. दोन दिवस लॉगिन एकदाही अडकलं नाही. "दोष नाही," असं लिहून ते निघाले. जुन्या मशीनचे ऑपरेटर मेश्रामभाऊ पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला गेले, आणि इकडे पडदा पुन्हा गप्प.

*

हे मेश्रामभाऊ बारा वर्षं जुन्या मशीनपाशी बसत. बोलणं कमी, आणि चप्पल काढल्याशिवाय खोलीत कोणाला घेत नसत.

नवीन आल्यावर वरून आदेश आला, जुन्याला आता माणूस कशाला? मेश्रामभाऊंची बदली खापरखेड्याला. त्यांची मुलगी यंदा दहावीला जाणार होती. त्या आठवड्यात त्यांचा डबा रोज अर्धाच संपायचा. मला फार वाईट वाटायचं.

*

सोमवारी मोठे साहेब नवीन कॉम्प्युटर बघायला आले. मेश्रामभाऊ बदलीचा कागद आणि डबा घेऊन निघाले होते. साहेबांनी नाव टाइप केलं. पाच मिनिटं झाली, काही नाही. कांदा जागेवरच होता.

देशकरबाईंनी खिडकीतून हाक मारली, "मेश्रामभाऊ, थांबा न गा!"

ते परत आले, चप्पल काढली, जुन्या मशीनसमोर बसले आणि एक बटण दाबलं. इकडे पडदा उघडला. साहेब तडक त्या खोलीच्या दाराशी गेले.

"काय बिघडलं होतं?"

"काही नाही साहेब. कोणी आलं का हे मशीन मले विचारते, आत घेऊ का म्हणून. बारा वर्षं झाली, मीच हो म्हणून राहिलो."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्हाले माहीत असन, असं वाटलं."

साहेबांनी बदलीचा कागद परत मागितला आणि तो घ्यायला आत पाऊल टाकलं.

"साहेब," मेश्रामभाऊ म्हणाले, "जोडे."