बत्तीमास्तर आणि झोपलेलं पोर्ट

रुग्णालयात त्यांना सगळे बत्तीमास्तर म्हणत. दिव्यांशी आणि वायरमनच्या कामाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. ते सांभाळायचे संगणकांचं जाळं. प्रत्येक मजल्यावर वॉर्डाला लागून एक कोंदट खोली, तिच्यात लोखंडी कपाट आणि कपाटात चपट्या पेट्या. या पेट्यांना स्विच म्हणतात. सगळ्या खोल्यांतल्या तारा येऊन त्यांच्या पोर्टांत खोचलेल्या असतात आणि प्रत्येक पोर्टावर एक इवलीशी हिरवी बत्ती लुकलुकते. बत्ती चालू म्हणजे तार जिवंत. मास्तर रोज हात मागे बांधून त्या बत्त्या न्याहाळत बसायचे. बायको चिडवायची, "माझ्या तोंडाकडे कधी इतकं निरखून बघितलंत का?" मास्तर म्हणायचे, "तुझं काही बिघडलं तर तू बोलतेस की. त्या बिचाऱ्या नुसत्या विझतात."

वॉर्डातल्या बेलही याच जाळ्यावर होत्या. उशाशी बटण, भिंतीवर सगळ्या पलंगांची मिळून एक जुनी पेटी आणि तिची तार स्विचमध्ये. रुग्णाने बटण दाबलं की सिस्टरांच्या टेबलावर बेल वाजायची आणि पलंगाशी येऊन कुणी हिरवं बटण दाबेपर्यंत वाजतच राहायची. म्हणजे खुर्चीत बसल्याबसल्या तिचं तोंड बंद करायची सोय नव्हती. पेटी म्हातारी होती, पण भलतीच इमानी. वाट तुटली तर दाबलेली बेल पोटात धरून ठेवायची आणि वाट मिळाली की पोचती करायची. एकदा उंदराने तिची तार कुरतडली. बत्ती विझलेली दिसताच मास्तरांनी तार बदलली आणि सकाळीच घरी गेलेल्या एका आजोबांची बेल ठणाणा वाजू लागली. सिस्टर धावत गेली तर पलंग रिकामा. पुढे कितीतरी दिवस वॉर्डात तोच विनोद चालला होता. "मास्तर, तुमची पेटी भुतांनाही दाद देते हो!"

याच वॉर्डात मास्तरांचे वडील येऊन पडले. अप्पा म्हणजे कारखान्यातले जुने फिटर. जन्मभर यंत्रांच्या वर आवाज चढवून बोललेले. घरातही मीठ मागायचे तर शेजारच्यांना वाटायचं भांडण पेटलं. त्या माणसाच्या घशातच रोग शिरला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून गळ्याला श्वासासाठी भोक ठेवलं. तिथे कफ अडकला की सिस्टरांनी नळी घालून ओढून काढायचा. वेळेवर नाही काढला तर जीव गुदमरणार. अप्पांना कशाची भीती वाटते हे मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. म्हाताऱ्याने पाटीवर लिहिलं, "हाक कशी मारू?"

मास्तरांनी बटण त्यांच्या तळहातात ठेवलं. "अप्पा, हीच तुमची हाक. ही तार मी टाकलीये. तुम्ही दाबायचं, माणूस येणार. आला नाही तर मला विचारा."

अप्पांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग बटण मुठीत घेतलं, ते झोपेतही सोडलं नाही.

त्याच सुमारास स्विचच्या प्रणालीची नवी आवृत्ती आली. नवीन काय आलंय ते मास्तर चवीचवीने वाचायचे. तार कुठे तुटली ते स्विच आता आपणहून सांगणार होता. अनोळखी यंत्र कुणी जोडलं तर त्याला दारातच उभं करणार होता. अपडेट फसलं तर मुकाट्याने जुन्यावर परतणार होता. आणि एक गोष्ट मास्तरांना फारच आवडली. जे पोर्ट बराच वेळ गप्प असेल त्याला स्विच झोपवणार, बत्तीसकट. कपाटं भट्टीसारखी तापायची आणि पंख्यांसाठी अर्ज करकरून मास्तर थकले होते. आता उष्णता आपोआप कमी होणार. खाली बजावलं होतं की काही जुन्या यंत्रांना झोपलेलं पोर्ट उठवता येत नाही, तेव्हा ती तपासून घ्यावीत. मास्तर काही निष्काळजी माणूस नव्हते. त्यांनी तपासलं.

पण कसं तपासलं? जन्मभर तपासत आले तसंच. सकाळी अपडेट चढवलं, स्विच पुन्हा सुरू झाला आणि मास्तर तडक अप्पांच्या पलंगाशी गेले. त्यांच्याच अंगठ्याने बटण दाबून घेतलं. बेल खणखणीत वाजली. सिस्टर आल्या, हिरवं बटण दाबून गेल्या. "ऐकलंत ना?" मास्तर म्हणाले. अप्पा चक्क हसले. नुकतंच जागं झालेलं पोर्ट तेव्हा टक्क जागं होतं, एवढंच. त्याला झोप लागायला अजून अवकाश होता, आणि ते मास्तरांच्या लक्षातच आलं नाही.

दुपारी जेवण करून मास्तर फेरीला निघाले. वॉर्डाच्या कपाटात बऱ्याच बत्त्या विझल्या होत्या, त्यांत बेलच्या पेटीचीही. एरवी काळजात धस्स झालं असतं. पण आज विझलेली बत्ती म्हणजे नवी सोय चालू. त्यांनी कपाटावर हात ठेवून पाहिला. खरंच गार लागलं. मास्तर खुशीत पुढच्या मजल्यावर गेले.

फोन आला तेव्हा ते तिथल्या कपाटासमोर हात मागे बांधून उभे होते.

अप्पांच्या गळ्यात कफ अडकला होता. मोठ्या सिस्टर पलीकडच्या टोकाला एका नव्या रुग्णापाशी होत्या. औषधाच्या वेळी अप्पांकडे आल्या तेव्हा सगळं संपलं होतं. "असं होतं हो मास्तर, अशा केसमध्ये," डॉक्टर म्हणाले. कुणी कुणाला दोष दिला नाही. मास्तरांनी अप्पांची मूठ पाहिली. बटण आतच होतं आणि अंगठा त्यावर रुतून पांढरा पडला होता.

"बेल वाजली नाही?" त्यांनी विचारलं.

मोठ्या सिस्टरांचे डोळे भरून आले. "वाजली असती तर आले नसते का मी?"

अप्पांना खाली नेलं. बायको आणि बहीण निघाल्याचा निरोप आला. मास्तर मात्र वॉर्डालगतच्या खोलीत गेले. कपाट अजून गारच होतं. पलंगावर दुसरं कुणी यायच्या आत बेल चालू व्हायला हवी, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. त्यांनी ती नवी सोय बंद केली. पेटीच्या पोर्टावरची बत्ती लागली.

आणि बेल वाजली.

बाहेर कुणीतरी सवयीने धावलं. मग मोठ्या सिस्टर दारात आल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मास्तर, अप्पांचा पलंग दाखवतोय."

मास्तर उठले. ती बंद करायची एकच रीत होती. ते गादी काढलेल्या पलंगापाशी गेले आणि त्यांनी हिरवं बटण दाबलं. बेल थांबली. क्षणभरात पुन्हा वाजली. त्यांनी पुन्हा दाबलं. ती पुन्हा वाजली.

"राहू द्या, मी करते," सिस्टर म्हणाल्या.

"नको," मास्तर म्हणाले. "मलाच बोलावतायत."

अप्पांनी जितक्या वेळा बटण दाबलं होतं, तितक्या वेळा ती वाजली. मास्तर पलंगापाशी उभे राहून दर वेळी हिरवं बटण दाबत राहिले.