अंगणातल्या खाटा

तिचं नाव मी विचारलं नाही. सगळे तिला अक्का म्हणत होते. धुळ्यातल्या त्यांच्या गल्लीत एक सामायिक अंगण होतं. त्यातून नवा रस्ता न्यायचा होता आणि रहिवाशांचं मत घ्यायला आम्ही नगरपालिकेची माणसं गेलो होतो. सभा अंगणातच ठेवली. उन्हाळा असल्यामुळे बायकांनी पहाटे घातलेले ज्वारीचे बिबडे, पापडासारखेच पण जाडसर, तिथे खाटांवर वाळत होते. सतरंजीला जागा हवी म्हणून मीच खाटा हलवायला लावल्या. त्या धांदलीत ओले बिबडे दुमडले, एकमेकांना चिकटले.

पुरुष सतरंजीवर बसून बोलू लागले. अक्का भिंतीकडेला उकिडवी बसली आणि बोटं पाण्यात बुडवून एकेक बिबडा सोडवू लागली. फाटला की तुकडा निमूट तोंडात टाकायची.

शेवटी आमचे साहेब म्हणाले, "बायकांचंही ऐकू. अक्का, इथून रस्ता नेला तर चालेल ना?"

तिने मान वर करून माझ्याकडेच पाहिलं. "भाऊ, आमन्या खाटा ते तुम्ही उचली लिध्यात. आते कसाले इचारतस?"

"म्हातारी तिखट शे!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. ती हसली नाही. हात थांबवून उत्तराची वाट बघत राहिली. रस्ता आधीच ठरला होता, हे मला ठाऊक होतं.

वर्षभरात रस्ता झाला. मी रोज त्यावरून सायकलने कचेरीत जातो. समोर कुणी चालत असलं, तर बाजूला व्हा म्हणून घंटी वाजवायला माझा हात धजत नाही. मी खाली उतरतो आणि मागून चालत राहतो.