मागच्या सीटवरचं वजन

"अगो, हायस का गो? ओ तरी दे!"

मी ओरडत होतो, आणि असा की तिकडे तानसा तलावाच्या पाण्यावर लाटा उठल्या असतील. किन्हवलीच्या अलीकडच्या वळणावर, रस्त्याखालच्या सुक्या शेतात मी उताणा पडलो होतो. डाव्या पायावर माझी नवी साडेतीनशे सीसीची गाडी, डबक्यात म्हैस बसावी तशी, निवांत पसरली होती. मागे बायको बसली होती. ती कुठेच दिसत नव्हती. मागची सीट मात्र दगडावर आपटून उभी फाटली होती.

वर बहावा फुलला होता. पिवळ्या घोसांतून ऊन थेंबाथेंबाने गळत होतं, आणि पाय माझा नाहीच, कुणा पाहुण्याचा आहे, असं वाटत होतं.

जुनी गाडी शंभर सीसीची होती तेव्हा आमी शहापूर-मुरबाड रस्त्याचा एकेक खड्डा पडून मोजलाय. पडायचं, एका हाताने गाडी उचलायची, बायको पदर झटकायची, की घरी. चढ आला की ती जुनी गाडी बिचारी धापा टाकायची. मागे कोण बसलंय ते तिला नेमकं कळायचं. ह्या नवीवर अख्खं वऱ्हाड बसवा, हिला पत्ता नाय. पडली मात्र आणि उठायचं नाव नाय.

आणि त्या दिवशी मी मुरबाडपासून बोलत आलो होतो. म्हटलं, गाडी मोठी घेतली ते बरंच केलं. बायको गप्प. म्हटलं, तुझा भाऊ जरा आगाऊच आहे. तरी गप्प! लग्न झाल्यापासून ती पहिल्यांदाच माझं ऐकून घेत होती. त्या आनंदात मी असा तरंगलो की वळण दिसलंच नाही.

पुन्हा हाक मारली. बांधापलीकडे फक्त एक होला पक्षी घुमत होता.

तेवढ्यात रस्त्यावर दूधवाल्याची जुनी गाडी फटफटत आली. मागे बायको. हातात पळसाच्या पानांचा द्रोण, करवंदांनी भरलेला. तो टाकून ती धावत शेतात उतरली. तिने आणि दूधवाल्याने मिळून गाडी उचलली. पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता. मी लहान पोरासारखा रडत होतो.

"तू होतीस कुठं गो?"

तिने त्या फाटलेल्या सीटकडे बराच वेळ बघितलं.

"मुरबाडातच म्हशी आडव्या आल्या तवा करवंदं घ्यायला उतरले. तुमाला थांबा बोललेले."